बनियन आणि ११५१ पिना

आमच्या सोसायटीत मला ‘कॉम्प्युटरवाले काका’ म्हणतात. ही पदवी कुठल्या विद्यापीठानं दिलेली नाही. २००३ साली दाढीच्या एका ब्लेडनं ती मिळवून दिली. शेजाऱ्यांच्या पेंटियम फोरचा पंखा साफ करायला म्हणून मी ओढला, तर पंख्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही वर आला. सॉकेटची दांडी नीट खाली होती, म्हणजे कुलूप लागलेलं होतं, तरी गडी बाहेर. त्या मॉडेलात हे सर्रास व्हायचं. पंखा आणि प्रोसेसर यांच्यामधली पेस्ट वाळून इतकी घट्ट धरायची की ओढणाऱ्याच्या हाती ४७८ पायांचं ते प्रकरण समूळ यायचं. कोपऱ्यातले काही पाय वाकले होते. मी ब्लेड दोन रांगांमधून सरकवलं, पाय उभे केले, प्रोसेसर जागेवर ठेवला, बटण दाबलं, आणि पडद्यावर विंडोज एक्सपीची हिरवीगार टेकडी उगवली. शेजारच्या वहिनींनी लगोलग साबुदाण्याची खिचडी पाठवली. त्या एका वाटीवर मी वीसेक वर्षं काढली.

गोष्ट जसजशी जुनी होत गेली तसतशी वाकलेल्या पायांची संख्या वाढत गेली, असं बायकोचं म्हणणं आहे. असेल. पण कुणाचा माऊस अडला, कुणाचा प्रिंटर कागद गिळून बसला, की बोलावणं मलाच यायचं. बहुतेक वेळा वायर सैल असायची. मी ती घट्ट करायचो आणि जाता जाता ब्लेडची गोष्ट सांगायचो.

माझा असा जम बसत असतानाच, २००४ साली, इंटेलनं मला न विचारता एक उद्योग केला. प्रोसेसरचे पाय काढले आणि ते सॉकेटात नेऊन रोवले. ७७५ नंबरच्या सॉकेटपासून हे सुरू झालं. प्रोसेसरच्या पोटाला आता नुसत्या सोनेरी सपाट टिकल्या, आणि बोर्डावरच्या सॉकेटात तितक्याच स्प्रिंगच्या पिना. वरून प्रोसेसर ठेवायचा, लोखंडी चौकट मिटायची, दांडी दाबायची. पिना दबून टिकल्यांना टेकतात आणि संसार सुरू होतो. तेवढ्याच जागेत जास्त जोड बसवता येतात, वीज चांगली पोचते, वगैरे फायदे खरेच आहेत. पण व्यवहार असा झाला, की महागडा प्रोसेसर गुळगुळीत पोट घेऊन सुटला आणि मोडायची, वाकायची सगळी जोखीम बोर्डाच्या गळ्यात आली. आमच्या घराण्यात कोकणातल्या जमिनीची वाटणी अशीच झाली होती: थोरल्या पातीला आंब्याची बाग, आणि आमच्या वाट्याला सामायिक विहीर, तिच्या दुरुस्तीच्या खर्चासकट. एएमडीनं घरगुती प्रोसेसरना बरीच वर्षं पाय ठेवले होते. २०२२ मध्ये त्यांचं एएम५ सॉकेट आलं आणि तिथंही पिना सॉकेटात गेल्या, चांगल्या १७१८. म्हणजे माझं ब्लेड आता सगळीकडूनच निवृत्त.

हे सगळं मला ठाऊक होतं. वाचून ठाऊक होतं, हाताला ठाऊक नव्हतं.

मुलगी आर्किटेक्चरला आहे. घरातला कॉम्प्युटर म्हणजे सहाव्या पिढीचा आय-थ्री, दोन कोअरचा. तिनं एखाद्या इमारतीचं चित्र रंगवायला लावलं की तो रात्रभर पंखा फिरवत बसायचा आणि सकाळी अर्धा जिना दाखवायचा. एका ओळखीच्या माणसाकडं त्याच पिढीचा आय-सेव्हन पडून होता, ६७००, चार कोअरचा. सॉकेट तेच, ११५१. म्हणजे जुना काढायचा, नवा ठेवायचा. मी तो स्वस्तात आणला आणि रविवारचा मुहूर्त काढला.

‘दुकानात देऊन टाका ना,’ बायको म्हणाली. ‘पाचशे रुपये घेतील फार तर.’

‘अगं, कशाचे पाचशे? दांडी उचलायची, ठेवायचं, दांडी दाबायची. याला काय अक्कल लागते?’

या बोलण्यातलं शेवटचं वाक्य तिनं अजून जपून ठेवलंय.

जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरली. वीज काढली. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला भक्तिभावानं हात लावला. पंख्याचे चार काळे पाय फिरवून उचलले, आणि तो ओढताना या वेळी प्रोसेसर वर आला नाही, कारण लोखंडी चौकटीनं त्याला धरून ठेवलं होतं. ‘बघ, सुधारणा आहे,’ असं मी मुलीला सांगितलंसुद्धा. ती मोबाइलवर होती. चौकट उघडली, आय-थ्री दोन बोटांनी कडेला धरून उचलला, आणि खाली ते सॉकेट दिसलं.

हे एकदा बघण्यासारखं असतं. अंगठ्याएवढ्या लांबीरुंदीच्या चौकोनात, मधली जागा मोकळी सोडून, ११५१ सोनेरी पत्त्या उभ्या. एकीपासून दुसरी एक मिलिमीटरसुद्धा लांब नाही. प्रत्येक पत्तीचं टोक किंचित वर उचललेलं, आणि एका रांगेतल्या सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. टॉर्च तिरका धरला की एकेक रांग एका ओळीत चमकते. मी टॉर्च धरला आणि कौतुकानं बघत राहिलो. तिथंच थांबलो असतो तर हा लेख झाला नसता.

पण नवी थर्मल पेस्ट आणली होती. इंजेक्शनसारखी नळी. तोंडाशी हवा अडकलीय का, पेस्ट येते का, हे बघावं म्हणून मी ती जराशी दाबली. कुठं दाबावी याला जगात जागा भरपूर होती. मी सॉकेटच्या बरोबर वर होतो. राखाडी रंगाचा एक थेंब आला, लोंबला, आणि पिनांच्या कोपऱ्यात पडला.

इथं एक खुलासा आधीच करून ठेवतो, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीला राहणार नाही. बाजारात मिळणारी बहुतेक साधी पेस्ट वीजवाहक नसते. तो थेंब तसाच राहू दिला असता तरी बहुधा काही बिघडलं नसतं. फारच वाटलं असतं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून मऊ ब्रशच्या टोकानं, न घासता, तो विरवता आला असता. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या दिवशी मी हाक मारली, ‘अगं, एक फडकं दे!’

आमच्याकडं फडकं म्हणजे बनियन. बनियनाचा आमच्या घरात ठरलेला प्रवास असतो. आधी शर्टाखाली, मग नुसतं घरात, मग दिवाळीच्या साफसफाईला अंगात, आणि शेवटी गॅलरीतल्या खुंटीवर. तिथून ते चष्म्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्यांची सेवा करतं. सुती, मऊ, शंभर धुण्यांतून निघालेलं. मी त्याचा एक कोपरा बोटाला गुंडाळला आणि थेंबावरून हलकेच हात फिरवला. थेंब निघाला. हात मात्र निघेना. कुठलासा धागा अडकला होता. आणि काही अडकलं की ओढायचं, ही आमच्या घराण्याची रीत. विहिरीच्या वेळीही तेच केलं होतं.

‘टिक्’ असा बारीक आवाज आला. एकच होता की बरेच एकदम होते, सांगता येत नाही.

मी टॉर्च तिरका धरला. रांगा चमकल्या. कोपऱ्यात मात्र चमक मोडली होती: काही पत्त्या शेजारणीवर रेललेल्या, काही पार आडव्या, एक मागं वळून उलट्या दिशेला बघणारी. मुलीनं मोबाइलमधून मान वर काढली, सॉकेट बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, ‘बाबा, हे असंच असतं का?’

‘हो,’ मी म्हणालो.

आणि पुढं जे केलं ते कुणी करू नये. मी आय-सेव्हन ठेवला, चौकट मिटली, दांडी दाबली. दांडी दाबताना करकर आवाज होतो, तो नेहमीच होतो, चांगल्या सॉकेटातही होतो. पण त्या दिवशी प्रत्येक करकर माझ्या दाढेत होत होती. बटण दाबलं. पंखा फिरला. थांबला. पुन्हा फिरला. पुन्हा थांबला. पडदा काळा. दोन पिना एकमेकींना टेकलेल्या असताना वीज सोडणं म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही घालवण्याची सोय. दोन्ही कसे वाचले हे इंटेललाच ठाऊक. बायको दारात उभी होती. ती काही बोलली नाही. ‘पोळ्या गरम आहेत,’ एवढंच म्हणाली, म्हणजे टेबल रिकामं करा.

संध्याकाळपर्यंत बातमी सोसायटीत गेली. कशी गेली याची चौकशी मी केली नाही, कारण मुलगी तेव्हाही मोबाइलवरच होती. मग सल्ले सुरू झाले. चेअरमनसाहेबांनी सांगितलं, हेअर ड्रायरनं गरम करा, धातू ऐकतो. खालच्या मजल्यावरचे काका टाचणी घेऊन आले. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत आणि त्यांच्या काळात सगळं टाचणीनं व्हायचं. एका तरुणानं, तोही इंजिनिअर, अर्ध्या मिलिमीटरच्या क्लच पेन्सिलीतलं शिसं काढून तिची नळी पिनेवर चढवायला सांगितलं. ही युक्ती खरी आहे, नावाजलेली आहे, पण ती प्रोसेसरच्या गोल उभ्या पायांसाठी. सॉकेटातली चपटी, झुकलेली पत्ती त्या नळीत कुठली शिरायला? मी हे त्याला बऱ्याच अधिकारवाणीनं समजावलं. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, ‘काका, मग तुम्ही बनियन कसं काय घातलंत?’

रात्री मी शास्त्राचा आधार घ्यायचं ठरवलं. इंटेल आपल्या प्रोसेसरची कागदपत्रं खुली ठेवते आणि त्यात कुठली पिन काय काम करते याचा सगळा नकाशा असतो. रांगांना अक्षरं, स्तंभांना आकडे. आय, ओ, क्यू, एस अशी घोटाळा करणारी अक्षरं मुद्दाम गाळलेली, आणि वायनंतर पुन्हा एए पासून सुरुवात. हा नकाशा वाचताना मोठा दिलासा मिळतो, कारण ११५१ पैकी कितीतरी पिना नुसत्या वीज आणण्याच्या नाहीतर परत नेण्याच्या. परतीच्या वाटेची, म्हणजे व्हीएसएस लिहिलेली, एखादी पिन गेली तरी तिच्या शेकडो बहिणी ते काम ओढून नेतात. काहींपुढं तर आरएसव्हीडी लिहिलेलं, म्हणजे राखीव. राखीव पिन वाकली असेल तर बहुधा काहीच बिघडत नाही. मी आयुष्यात कधी कशाचं राखीव असणं इतकं मनापासून इच्छिलं नव्हतं.

प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून हे मोजणं हा वेगळाच व्यायाम आहे. नकाशा बघायला मान वर, सॉकेट बघायला मान खाली, आणि मधल्या प्रवासात आकडा हरवतो. शेवटी मुलीनं मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन सॉकेट पडद्यावर मोठं केलं आणि मी पेन्सिलनं मोजलं. जी पिन उलटी फिरली होती तिच्यापुढं आलं: व्हीएसएस. मी टाळी वाजवली. तिच्या शेजारणीही बहुतेक व्हीएसएस नाहीतर राखीव. बायकोला उठवून सांगितलं. तिनं ‘बरं’ म्हटलं आणि कूस बदलली.

मग मुलीनं विचारलं, ‘बाबा, कोपरा ओळखायचा तो सोनेरी त्रिकोण या कोपऱ्यात आहे ना? तू मोजायला त्या कोपऱ्यापासून सुरुवात केलीस.’

बरोबर कोपऱ्यापासून मोजल्यावर ती पिन मेमरीच्या दुसऱ्या चॅनेलची निघाली. माहितीची वाट. तिला बहिणी नाहीत.

यापुढचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण तो आठवायला मला आवडत नाही. आईच्या शिवणाच्या डब्यातली सर्वांत बारीक सुई, स्टँपच्या वहीबरोबर आलेलं जुनं भिंग, आणि कपाळाला बांधलेला टॉर्च. मनगट टेबलावर टेकलं तरी सुईचं टोक थरथरत होतं, आणि भिंगातून त्या थरथरीचा भूकंप दिसत होता. काही पत्त्या मी खरोखर उचलल्या. हे नोंदवून ठेवावं अशी विनंती आहे. पण एक जमली की ती अजून थोडी चांगली व्हावी असं वाटायचं, मग जरा जास्त उचलली जायची, मग परत खाली. या पत्त्या तांब्याच्या मिश्रधातूच्या, वर सोन्याचा मुलामा. एकदा वाकवलं तर सोसतात. पुन्हा पुन्हा वाकवलं की मानेशी थकतात. ती उलट फिरलेली पिन मी सरळ केली, मग जास्त सरळ केली, मग पुरती सरळ करायला गेलो आणि ती सुईच्या टोकावर आली.

तिला कागदाच्या पुडीत घातलं. का ते विचारू नका.

सोमवारी रजा टाकली आणि बोर्ड घेऊन तपकीर गल्ली गाठली. बुधवारातली ही गल्ली म्हणजे पुण्यातल्या प्रत्येक बंद पडलेल्या यंत्राचं आजोळ. पासोड्या विठोबाला बाहेरूनच नमस्कार केला. काय मागायचं ते मागितलं. आत एका जिन्याखाली मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका पोराचं दुकान. टेबलावर मायक्रोस्कोप, त्याला जोडलेला मोठा पडदा. वय असेल बावीस-तेवीस. मी प्रास्ताविक सुरू केलं: २००३ साली पेंटियम फोरचा... त्यानं बोर्ड माझ्या हातून घेतला आणि भिंगाखाली सरकवला.

पडद्यावर तो कोपरा आला. वाकलेल्या पिना, तुटलेलं बूड, आणि दोन पिनांना विळखा घातलेला एक पांढरा, पिळदार दोर. दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती, तीही पुढं सरकली.

‘अंकल, कपडा मारा क्या?’

‘नाही, म्हणजे... मऊ होतं.’

‘बनियान है,’ गिऱ्हाइकांपैकी एक खात्रीनं म्हणाला. कापडाच्या धंद्यातला असावा.

पोरानं चिमट्यानं धागा काढला. मग एका दांड्यात बसवलेली सुई घेतली, मनगट टेकवलं, आणि रांगेतून निघाला. मी बघत होतो आणि मला फरक कळत होता. तो प्रत्येक पिनेला एकदा हात लावत होता. एकदाच. उचलली, पुढची. ती शेजारणीपेक्षा जराशी तिरकी राहिली तरी टोक टिकलीवर टेकेल एवढं बघून सोडून देत होता. सुंदर करायच्या भानगडीत तो पडलाच नाही. मी मागवलेला चहा निवायच्या आत काम संपलं.

‘एक पिन गया. पहलेसे टूटा था,’ तो म्हणाला. मी ‘हो, पहलेसेच,’ म्हणालो. पुडी खिशातच ठेवली.

सॉकेट बदलून मिळेल का विचारलं. त्यावर त्यानं फार सज्जनपणे सांगितलं, की ते खालून गोळ्यागोळ्यांनी बोर्डाला सोल्डर केलेलं असतं, ते उतरवून नवं चढवायचं तर मशीन लागतं, आणि त्या खर्चात जुना चांगला बोर्ड येतो. मग मेमरीच्या पट्ट्या दुसऱ्या चॅनेलच्या खाचांतून काढून दोन्ही पहिल्या चॅनेलच्या खाचांत बसवल्या. बटण दाबलं. पंखा फिरला, आणि फिरतच राहिला. पडद्यावर सोळा जीबी, पुरेपूर. फक्त दोन वाटांऐवजी एकाच वाटेनं ये-जा, म्हणजे वेग कमी. चारांपैकी दोन खाचा कायमच्या बंद. तीनशे रुपये झाले.

‘इसके बाद हाथ मत लगाना अंकल,’ तो म्हणाला. पाचशेतले दोनशे वाचले, असं मी घरी सांगितलं. बायकोनं रजेचा पगार, रिक्षा आणि चहा मांडून मला तो हिशोब परत केला.

रात्री मुलीला मोठ्या थाटात कॉम्प्युटर सुपूर्द केला. तिनं कुठलंसं नवं सॉफ्टवेअर चढवायला घेतलं. त्याला विंडोज अकरा हवं होतं. विंडोज अकरा इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढं, सातवीतले एकदोन अपवाद सोडले तर. सहाव्या पिढीचा आय-सेव्हन असो की आय-थ्री, अधिकृतपणे दोघेही दाराबाहेर. विंडोज दहाचा नेहमीचा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला.

‘अगं, मग आधी का नाही सांगितलंस?’

‘सांगत होते बाबा. तू ब्लेडची गोष्ट सांगत होतास.’

तर आता तो कॉम्प्युटर माझ्याकडं आहे आणि हा लेख त्याच्यावरच टाइप केला आहे. जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. नव्या बोर्डाच्या सॉकेटवर काळं प्लॅस्टिकचं झाकण असतं, ते फेकू नका. वॉरंटीत बोर्ड परत पाठवताना बहुतेक कंपन्या ते मागतात, आणि वाकलेल्या पिना वॉरंटीत धरत नाहीत. पेस्ट पडली तर कापड लावू नका, कितीही मऊ असलं तरी. आणि वाचकांपैकी कुणाकडं ११५१ सॉकेटचा, सहाव्या पिढीला चालणारा, चारही खाचा शाबूत असलेला जुना बोर्ड पडून असेल, तर कृपया संपादकांमार्फत कळवावं. किंमत बोलून ठरवू. बसवून मात्र तुमच्याच माणसाकडून द्या. बायकोची तशी अट आहे.